एकचुलीची पोर

मु. एकचुली, ता. मूर्तिजापूर
६ जून १९६१

अनुपमाबाई,

वरती नमस्कार लिहिला नाही. तो राहून गेला असं समजू नका. तुमीच मले अक्षरं शिकवली अन् तुमीच सांगतलं होतं की पत्रात 'मला' लिहाचं, 'मले' नाही. आता माह्या तोंडात हाय तसंच लिहीन. तुमाले वाचता येत नसन तं शकुनले वाचाले सांगा. तिच्या कानावर तेवढीच मायची बोली पडन.

शाळेले सुट्टी लागून महिना उलटला अन् माही पोरगी घरी आली नाही. पहिले तुमी लिहिलं, तुमच्या बंडूले गोवर निघाला, तिलेबी निघन, म्हणून ठेवून घेतली. मग लिहिलं, ऊन लय हाय. मग लिहिलं, तिची चित्रकलेची परीक्षा हाय. जानराव दोनदा टेसनावर बंडी घेऊन गेले अन् रिकामी बंडी घेऊन आले. नवऱ्याचं नाव लिहून राहिली म्हणून हसू नका. बायांनी नवऱ्याचं नाव घ्यावं हे एकचुलीत तुमीच सुरू केलं.

तुमाले आता अमरावतीत इकडचं काही आठवत नसन, म्हणून लिहिते.

आठ वर्षांमागं तुमचे यजमान बापूसाहेब वकिली सोडून आले अन् आमच्या वावरात बसून अकरा घरच्या माणसांले समजावलं. वावरं एक कराची, बैल एका कोठ्यात बांधाचे, सैपाक एका चुलीवर कराचा, लेकरं एका छपरात निजवाची. गावातले लोक हसले. 'एकचुली' हे नाव त्यांनीच ठेवलं, चिडवाले. आपण तेच पाटीवर लिहिलं. मले काही हे पटलं नव्हतं. पण पंगतीत बसल्यावर कोणाच्या घरची जवारी किती आली हे कोणी विचारत नव्हतं. बाया पाळीपाळीनं चुलीपाशी, म्हणून जन्मात पहिल्यांदा मले दुपारी पाठ टेकाले भेटली. मग पटलं.

तुमी इथं आल्या तेव्हा बंडू तान्हा होता अन् तुमाले टायफाइड झाला. दूध आटलं. शकुन त्याच्याच वयाची. एका मांडीवर ती अन् एका मांडीवर तो, असं म्या वर्षभर पाजलं. त्यासाठी कोणाले सभा घ्यावी लागली नाही.

मागच्या साली तुमच्या सासऱ्याले, मोरोपंतांले, अर्धांग झाला. दोन महिन्यांसाठी जातो म्हणून तुमी गेलात. लेकरांची शाळा तुमीच घेत होत्या, ती तुमच्यासंगं गेली. मग बापूसाहेब एकटेच आले अन् म्हणाले, निदान एक लेकरू आमी अमरावतीत शिकवतो, जे सगळ्यात हुशार असन ते. सभा भरली, शकुनचं नाव निघालं. हात वर करा म्हणाले. जानरावांचा हात वर. पार्बताबाईचा हात वर. सगळ्यांचेच वर. माहा नव्हता. बापूसाहेब माह्याकडे पाहून हसले अन् म्हणाले, "कौशल्याबाई, एकचुलीत माझं मूल असं काही नसतं."

बैल कोणते विकाचे, पऱ्हाटी कुठं पेराची, यावर सभा होत होत्या ते ठीक होतं. माह्या पोरीवर मतं मोजली. बंडूवर कधी मोजली होती काय?

पोरगी पाठवा. नाही तं म्या घ्याले येते.

शकुनची माय
कौशल्या

---

एकचुली
९ जुलै १९६१

अनुपमाबाई,

तुमचं पत्र भेटलं. तुमी लिहिता, 'तुम्ही रागाने न सांगता निघून गेलात, घरात सर्वांना वाईट वाटलं.' जानरावांनी ते वाचून मलेच बोल लावला. म्हणून त्या दिवशी तुमच्या घरी काय झालं ते म्या पाहिलं तसं लिहिते.

दार तुमच्या सासूबाईंनी उघडलं. "कोण पाहिजे?" म्हणाल्या. म्या म्हटलं, शकुनची माय हाय. "कोण शकुन?" मग त्यांच्या ध्यानात आलं. "हां, आमची शकुंतला." शेजारची बाई बसली होती, तिले म्हणाल्या, शेतावरची बाई हाय, आंबे घेऊन आली. अन् शकुन कोण, असं त्या बाईनं विचारलं तं म्हणाल्या, सुनेच्या नात्यातली हाय, शिकाले ठेवली. तुमी मधल्या दारात उभ्या होत्या. तुमी ऐकलं. म्या तुमच्या तोंडाकडे पाहत होती. आता तरी बोलन, आता तरी बोलन. तुमी आत जाऊन पाणी आणलं.

मग पानं वाढली. आत पाट मांडले, तिथं बंडू बसला, शकुन बसली, तुमी बसल्या. माहं पान पडवीत. तुमी वाढाले आल्या तेव्हा खाली वाकून हळूच म्हणाल्या, "सासूबाई आहेत तोवर जरा सांभाळून घ्या, कौशल्याबाई." सात वर्षं माह्या हातची भाकर खाल्ली तुमी. माह्या ताटातला ठेचा उचलून खाल्ला. ते सारं तिथल्यापुरतं होतं, हे पडवीत बसल्यावर मले समजलं. म्या जेवली. उपाशी उठली असती तं पोरीनं पाहिलं असतं.

जेवण झाल्यावर ती आली. फ्रॉक घातला होता, वेणीले रिबिन. उंच झाली. म्या म्हटलं, "मले भेटाले काहून नाही आली, शकुन?"

तिनं खाली पाहून म्हटलं, "आई, मले नाही. मला म्हणतात."

सासूबाई हसल्या. शेजारच्या बाईले ते कौतुकानं सांगतलं. तुमी हसल्या नाही, हे खरं हाय. पण पोरीले काही बोलल्याबी नाही.

म्या म्हटलं, चाल घरी. तिनं माह्याकडे पाहिलं नाही, तुमच्याकडे पाहिलं. तेव्हा तुमी काय म्हणाल्या ते आठवते काय? "तिलाच विचारा ना. तिची इच्छा असेल तर मी कोण अडवणारी?" आठ वर्षांची पोर. तिले दोघींच्या मधात उभं केलं अन् म्हणे तिलेच विचारा. ती म्हणाली, परीक्षा झाल्यावर येते. दुसरं काय म्हणन? जिच्या घरी रोज जेवाचं, तिच्यासमोर काय म्हणन?

म्या सांगूनच निघाली. सासूबाईंले सांगतलं, येते म्हणून. त्यांनी ऐकलं नसन.

बंडू गल्लीच्या टोकापर्यंत माह्या मागं पळत आला. तुमाले वाटलं तो खेळाले गेला. माहा पदर धरला अन् म्हणाला, "कौशल्याआई, मलापण घेऊन चल." तिकडून तुमची हाक आली. तो वापस गेला. गाडीत बसल्यावर शकुनपेक्षा त्याचंच तोंड डोळ्यांपुढं येत होतं, अन् त्याचाही मले राग आला. जिनं माह्यामागं याले पाहिजे होतं ती माही पोर आली नाही अन् तुमचं पोरगं आलं.

तुमी लिहिता, मुलं सगळ्यांची हे आपणच ठरवलं होतं. ठरवलं होतं. मग सगळ्यांची पोर पाटावर अन् तिची माय पडवीत, हेबी आपण ठरवलं होतं काय?

कौशल्या

---

एकचुली
२८ ऑगस्ट १९६१

अनुपमाबाई,

शकुन माह्यापाशी हाय. बापूसाहेबांनी तुमाले काय सांगतलं ते मले माहीत नाही. तुमी आल्या असत्या तं डोळ्यांनी पाहिलं असतं. सासऱ्याची तब्येत बरी नाही असं त्यांनी सांगतलं. खरंबी असन.

इथलं पहिले सांगते, कारण म्या ते आतापर्यंत तुमाले कळू दिलं नव्हतं. एका घरची सून बाळंतीण झाली. तिची सैपाकाची पाळी कोणी कराची यावरून चुलीपाशी तोंडातोंडी झाली. तुमी असत्या तं दोघींले बसवून काही काढलं असतं. आमी ओरडलो अन् घरी गेलो. मग एकीनं घरी चूल घातली. तिचं पाहून दुसरीनं घातली. नागपंचमीले तवा ठेवत नाहीत, त्या दिवशी सगळ्यांनी मोठ्या चुलीवर पुरणाचे दिंड उकडले, शेवटचं एकत्र जेवलो. दुसऱ्या दिवशी तवे चढले ते अकरा घरी. भांडण झालं नाही, कोणी रडलं नाही. मोठी चूल तशीच राहिली, अन् रात्री लेकरं आपापल्या मायपाशी निजाले लागली.

त्याच्यानंतर दहाएक दिवसांत बापूसाहेबांचा निरोप आला. अकोल्याहून पाहुणे येणार, सहकारी शेती पाहाले, अन् पंगत दाखवाची. जानराव म्हणाले, "एका दिवसाचं तं हाय. त्यांचं नाक काहून कापाचं?" म्हणून बाया जमल्या. राख काढली, चूल सारवली. एकमेकींशी बोलणं बंद केलेल्या बाया एका परातीत पीठ मळत होत्या.

दोन जिपा आल्या. त्यातून शकुन उतरली. म्या पाहतच राहिली. पोरीले आणतो हे कोणी सांगतलं नव्हतं. पांढरा फ्रॉक, पायात मोजे. तिले खोक्यावर उभं केलं अन् तिनं भाषण म्हटलं. एकचुलीत माझं-तुझं नसतं. एकचुलीत सर्व मुलं सर्वांची असतात. एकबी शब्द चुकला नाही. एका पाहुण्यानं गमतीनं विचारलं, "बाळ, मग यांतली तुझी आई कोणती?" ती बायांच्या रांगेकडे पाहाले लागली. पार्बताबाई, म्या, बाकीच्या. मग हसून म्हणाली, "सगळ्या."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माह्या हातात वरणाची वगराळी होती. म्या ती गंजात ठेवली अन् पुढं गेली.

"ही माही पोरगी हाय," म्या म्हटलं. "आजपासून इथं राहीन."

बापूसाहेब म्हणाले, "कौशल्याबाई, हे आपण नंतर बोलू."

"नंतर नाही. सभेत तुमी बोलले होते. आता म्या बोलून राहिली."

"तो सर्वांनी मिळून घेतलेला निर्णय होता."

म्या त्यांच्या जवळ गेली अन् फक्त त्यांले ऐकू जाईन असं बोलली. "ही चूल नागपंचमीपासून थंडी हाय. तुमच्या पाहुण्यांसाठी सकाळी पेटवली. सांगू त्यांले?"

त्यांनी जानरावांकडे पाहिलं. जानरावांनी मान खाली घातली. बापूसाहेबांले तिथंच समजलं. एवढा बोलणारा माणूस, पडल्या तोंडानं पाहुण्यांले पाणी वाढाले लागला. मले वाटलं होतं, त्यांचं असं तोंड पाहून मले बरं वाटन. नाही वाटलं. पण पोरगी म्या सोडली नाही. जिपा गेल्या तेव्हा ती माह्या हातातून सुटाले पाहत होती. रडली. बंडूचं नाव घेऊन रडली, तुमचं घेऊनबी रडली. तुमाले हे ऐकून सुख होत असन तं होऊ द्या.

पुढचं लिहाव की नाही याचा लय विचार केला. तुमच्याशिवाय हे समजणारं दुसरं कोणी नाही, म्हणून लिहिते.

सकाळी ती उठली, आपली थाळी घेतली अन् मोठ्या चुलीकडे गेली. तिले वाटलं, काल होती तशी पंगत. तिथं राख होती. मग पार्बताबाईच्या दारात गेली, तिच्या सुनेनं सांगतलं, "तुह्या घरी जाय जेवाले." मग आणखी एका दारात गेली. तिथं लेकरं जेवत होती, कोणी ये म्हटलं नाही. मनात वाईट होतं असं नाही. ज्याच्या त्याच्या चुलीवर मोजूनच टाकलेलं असते.

वापस आली अन् मले विचारलं, "माय, सगळ्या कुठं गेल्या?"

म्या तिची थाळी घेतली अन् भाकर वाढली. तिले तुमच्या घरून आणली ते चुकलं असं मले त्या वेळेसबी वाटलं नाही, आताबी वाटत नाही. पण जिथं आणली ते घरच राहिलं नव्हतं. ती वर्षभर अमरावतीत बसून ज्याची वाट पाहत होती, ते म्या नव्हती. ते सारं मिळून होतं. त्यात म्या एक होती.

मले याचा राग येते अन् तो तुमच्यावरच येते. अकरा घरं आपापली भाकर खाऊन, आपापलं भांडण करून जगत होती. तुमी येऊन आमाले एका पंगतीत बसवलं. त्याची सवय लावली, लेकरांले लावली. अन् तुमच्या घरचं माणूस पडलं तसे उठून गेलात. आमाले जाले दुसरं घर नव्हतं.

वापस मागू नका. मिळणार नाही.

कौशल्या

---

मूर्तिजापूर
२२ ऑक्टोबर १९६१

अनुपमाबाई,

पत्त्यावरून समजलं असन. म्या आता मूर्तिजापुरात राहते.

तुमी लिहिलं की शाळेच्या मुख्य बाईंशी बोलल्या, शकुनचं वर्ष वाया जाणार नाही, आता तिले घरात कोणी शकुंतला म्हणणार नाही, सासूबाईंलेबी तुमी सांगतलं. एवढं सांगाले तुमाले सवा साल लागलं. चांगलं झालं सांगतलं ते. पण ती तिकडे येणार नाही.

तिलेच विचारा म्हणत होत्या ना, तं विचारलं. तुमच्यासारखं चौघांसमोर नाही. तुरीत निंदत होतो दोघीच. म्या म्हटलं, "तुले कुठं राहाचं हाय? तिकडे जाचं असन तं तसं सांग. म्या रागवणार नाही." रागावली असती, पण म्हटलं.

तिनं हातातलं गवत बांधावर टाकलं. मग म्हणाली, "मले शाळा पाहिजे. अन् तू पाहिजे. अन् एकटीनं जेवाले नाही पाहिजे."

तीनच गोष्टी मागतल्या पोरीनं. एकचुलीत त्यातली एकच होती, तुमच्या घरी दोन. म्या जानरावांले सांगतलं, मूर्तिजापुरात खोली घेते, पोरीले शाळेत घालते.

ते म्हणाले, "बाई माणूस एकटी खोली घेऊन राहीन? लोक काय म्हणतीन?"

"एकचुलीलेबी लोक हसलेच होते."

"अन् माहा सैपाक?"

"पाळी होती तेव्हा तुमी पीठ मळत होते. थापाले शिका."

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सभेत विचारून पाहू." म्या म्हटलं, सभा भरवाले आता तिथं राहिलं कोण? मग त्यांनी बंडी जुतली, जवारीचं पोतं टाकलं अन् आमाले आणून सोडलं. आता बाजाराच्या दिवशी येतात, तूर, भाजी घेऊन. मागच्या वेळेस भाकर बांधून आणली, स्वतः थापलेली. कडेनं करपली होती. शकुननं खाल्ली.

पार्बताबाई माह्यासंगं आली. सुनेशी तिचं जमत नाही. माह्याशीबी जमत नाही, मीठ अन् सरपण यावरून रोज भांडते, पण सांजेले म्या येईपर्यंत सैपाक करून ठेवते. कापसाचा हंगाम लागला, मले जीनात काम भेटलं. अंगभर रुई घेऊन घरी येते. एकचुलीतल्या दोन घरची आणखी तीन लेकरं आमच्याजवळ शाळेसाठी आली. त्यांच्या मायांनी येऊन विचारलं, ठेवशीन काय. हात वर करून नाही, दारात उभं राहून विचारलं. जागा नाही. पाय पसरले की भिंतीले लागतात. पंगत मातर बसते.

हे तुमचं पाहून केलं असं कोणाले सांगू नका. तुमच्याच घरून ही कल्पना आली असन, पण तुमी ती इथं टाकून गेल्या. टाकलेली वस्तू ज्यानं उचलली त्याची.

आता बंडूचं. तुमी लिहिता, तो नीट जेवत नाही, शकुनचं विचारते, अन् दिवाळीत त्याले घेऊन तुमी इथं येणार, दोघी बसून मनातलं सारं बोलून टाकू.

बोलाले माह्यापाशीबी लय हाय. टायफाइडमध्ये तुमचे केस झडत होते, म्या तुमचं डोकं मांडीवर घेऊन विंचरत होती, तेव्हा तुमी म्हणाल्या होत्या की मला सख्खी बहीण नाही, आता आहे. ते तुमी खोटं नव्हतं म्हटलं. म्या लय दिवस समजत होती की खोटं होतं, अन् तसं समजलं की राग धराले सोपं जात होतं. आता तसं वाटत नाही. तुमी खरं बोलल्या अन् तरी पडवीत पान मांडलं. खोटारडीले माफ करता येते. हे मले जमत नाही. पुढं कधी जमन, तं म्याच लिहीन. तुमी वाट पाहू नका.

पण त्या पोरानं काही केलं नाही. त्याले पाठवा. दिवाळीची सुट्टी लागली की बडनेऱ्याहून दुपारच्या गाडीनं आणा. थंडी पडाले लागली, अंगात गरम काही घाला, अन् त्याले सांगून ठेवा की इथं पाट नाही, सगळे खाली बसतात. सुट्टी संपन तोवर ठेवीन अन् जानरावांसंगं वापस पाठवीन, वेळेवर. तुमच्यासारखं करणार नाही.

तुमचं माहेर अकोल्याले हाय, ती गाडी तशीच पुढं जाते. म्या अन् शकुन फलाटावर असू. पोराले दारातून खाली द्या. तुमी उतरू नका.

कौशल्या